मामाची मांडी

"या आमच्या सुनेच्या माहेरी कामाला होत्या. सुनेला यांनीच लहानाचं मोठं केलं."

माझ्या विहिणीनं माझी ओळख अशी करून दिली. भर मांडवात. जिला मी लहानाचं मोठं केलं, ती तिची सून माझ्या पोटची पोरगी आहे. पूनम. ती तिथंच उभी होती, हातात हळदीकुंकवाचं ताट घेऊन. तिनं ऐकलं. ताटाकडे बघत राहिली.

जिला ओळख करून दिली ती बाई विहिणीच्या नात्यातली कुणीतरी होती. अंगावर भरपूर दागिने. ती म्हणाली, "जुनी मानसं इमानी असत्यात. बसा मावशी, बसा की." आणि मला पायरी दाखवली. खुर्च्या रिकाम्या होत्या.

मी पायरीवर बसले. ती बाई वाकून हळू आवाजात म्हणाली, "बिचारीचे आईबाप अपघातात गेले म्हने. समदं तुमीच केलं म्हना की."

मी म्हटलं, "कुणाचे आईबाप?"

"तुमच्या मालकिणीचे. देशमुखांचे."

आपल्याच तेराव्याला जेवायला आल्यासारखं वाटलं मला.

त्या दिवशी माझ्या नातीचं जावळ होतं. आर्वी तिचं नाव. तिसरं वर्ष चालू होतं. जावळ म्हणजे पोराचे जन्माचे केस उतरवणं. मामा पाटावर बसतो, मूल त्याच्या मांडीवर, न्हावी केस कापतो, आत्या ते पदरात झेलते. घर गरीब असो की श्रीमंत, मांडी मामाचीच लागते. विहिणीकडे असंच असतं आणि आमच्यातही असंच असतं. दोन्ही घरांत सारखं म्हणावं असं तेवढंच.

मामा म्हणजे माझा मुलगा संतोष. भोसरीला एका वर्कशॉपमध्ये मशीन चालवतो. त्यानं सुट्टी टाकली होती. भाचीला मोरपंखी फ्रॉक घेतला होता, चांदीचे पैंजण घेतले होते. दाढी केली, इस्त्रीचा शर्ट घातला. गाडीवर येताना मला म्हणाला, "आये, मांडीवर पोरगी रडली तर तू समोर बस. तुला बघून गप ऱ्हाईल."

मांडवात पाय ठेवला तर जावयाच्या भावानं त्याच्या हातातली पिशवी काढून घेतली. म्हणाला, "भाऊ, जरा जेवणाकडं बघा ना. पत्रावळ्या मांडायला माणूस कमी पडलाय." संतोष गेला. त्याला वाटलं, घरचं कार्य आहे.

आता हे सगळं कसं झालं ते सांगते.

पूनम डिप्लोमा शिकली. चाकणच्या एका कंपनीत क्वालिटीला लागली. तिथंच रोहित भेटला. रोहितचं घर चिखलीतलं, मूळ गावकरी, पाटील. शेती होती ती बरीचशी गेली. उरलेल्या जमिनीवर त्यांनी शेड बांधल्या आणि वर्कशॉपवाल्यांना भाड्यानं दिल्या. बंगला आहे. दिवाणखान्यात फेटेवाल्या आजे-पणज्यांचे फोटो आहेत. आम्ही मराठवाड्यातले मातंग. गावात आम्हाला मांग म्हणायचे, मीही तेच म्हणते, मला त्याची लाज नाही. नवरा इथं फाउंड्रीत भट्टीवर होता. वारला. मी कंत्राटावर कंपनीची झाडलोट केली. आता संतोष आणि मी घरकुलाच्या इमारतीत राहतो, चिखलीतच. पूनमच्या सासरी चालत जाता येतं.

लग्न कोर्टात झालं. सासरचे बोलत नव्हते. आर्वी झाली तेव्हा बोलू लागले. विहीण दवाखान्यात आली, पोर मांडीवर घेतली आणि मला म्हणाली, "झालं त्ये झालं. पर भावकीत आमाला तोंड दावायचंय. तेवडं सांभाळा." मी समजले, जात सांगत फिरू नका म्हणते. मी सांगत फिरत नव्हतेच. लपवतही नव्हते.

पूनम रोज सकाळी कंपनीच्या बसआधी आर्वीला माझ्याकडे सोडायची. संध्याकाळी न्यायची. दूध, भात, शी-शू, ताप, दात येणं, सगळं माझ्या खोलीत झालं. घरात पोरगी मला आजी म्हणायची. रस्त्यात सासरचं कुणी भेटलं की पूनम घाईघाईनं म्हणायची, "मावशींना टाटा कर." मला वाटायचं, लाजते, लाजू दे. मला काही ओवाळून घ्यायचं नव्हतं.

पण माझ्या पोरीला लातूरकडच्या देशमुखांची लेक केलंय, तिचे आईबाप अपघातात मारलेत आणि मला कामवाली करून जिवंत ठेवलंय, हे मला त्या पायरीवर कळलं. खोटं फार हुशारीनं रचलं होतं. पोरगी तर मीच सांभाळत होते. बघणाऱ्याला शंका कशी यावी?

माझा नवरा मात्र दोनदा मेला. एकदा भट्टीच्या धुरानं, एकदा विहिणीच्या तोंडून.

न्हावी आला. त्यांच्या घरचा जुना, म्हातारा माणूस. त्यानं पेटी उघडली, वाटीत पाणी घेतलं. आत्यानं पदर पसरला. पाट मांडला होता. त्या पाटावर एक दांडगा पोरगा येऊन बसला. पांढरा कुर्ता, गळ्यात सोन्याची साखळी. विहीण सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली, "ह्यो बंटी. सूनबाईचा मानलेला भाऊ. राखी बांधती त्याला. सख्खा न्हाई म्हून काय झालं, सख्ख्यावानी हाय."

बंटी म्हणजे रोहितचा मित्र, तळेगावचा. आडनाव चांगलं, घराणं चांगलं. मांडी चालण्यासारखी.

बंटीनं पिशवी उघडली. संतोषची पिशवी. त्यातून मोरपंखी फ्रॉक काढला, पैंजण काढले, पोरीच्या अंगाला लावून दाखवले. बायका म्हणाल्या, "मामानं हौस केली बरं का."

मी पूनमकडे पाहिलं. ती माझ्या शेजारी येऊन वाकली. "आई," कानात म्हणाली, "आजचा दिवस गप्प बस. मी तुला सगळं सांगते नंतर."

मी गप्प बसले. खरंच बसले. पोरीचा संसार होता.

आर्वीला बंटीच्या मांडीवर बसवलं तशी तिनं भोकाड पसरलं. आजी, आजी करून हात पुढे करायला लागली. विहीण पुढे झाली. "ही बग, हाय की मी." पोरीनं तिचा हात झटकला आणि माझ्याकडे वाकली. लोक बघायला लागले. विहीण हसून म्हणाली, "समद्या म्हाताऱ्यास्नी आजी म्हनती कार्टी." मग मला म्हणाली, "मावशी, पुढं येऊन बसा. तुमच्या हातची सवय हाय तिला. जरा गप करा."

म्हणजे मांडी बंटीची. फ्रॉक बंटीचा. आणि पोर शांत करायला मी.

मी उठून पुढे गेले. पाटासमोर बसताना मान वळवली तेव्हा मागचं दिसलं. जेवणाच्या बाजूला संतोष. खांद्यावर टॉवेल. ओळीनं पत्रावळ्या मांडत होता. एक मांडायची, वाऱ्यानं उडू नये म्हणून वर पाण्याचा ग्लास ठेवायचा. मन लावून.

मला माझा बाप दिसला.

माझा बाप गावात हलगी वाजवायचा. लग्नात वरातीपुढे वाजवत जायचा. मांडवाच्या तोंडाशी आलं की थांबायचं, आत जायचं नाही. मी बरोबर असायचे, हलगी शेकायला पाचट गोळा करून द्यायला. मग आम्ही चिंचेखाली बसायचो. सगळ्यांची जेवणं झाली की बाप उष्ट्या पत्रावळ्या उचलायचा. त्यातलं चांगलं उरलेलं असेल ते माझ्या ओच्यात टाकायचा. एकदा मी विचारलं होतं, "आपुन आत का न्हाई जेवत?" बाप म्हणाला, "आत आपलं कोन हाय?"

आई केरसुण्या वळायची. शिंदीच्या पानांच्या. दिवाळीच्या आधी मी त्या घरोघर घेऊन जायचे. पाटलीणबाई केरसुणी पायरीवर ठेवायला सांगायची, पाणी शिंपडायची, मग उचलायची. लक्ष्मीपूजनाला तीच केरसुणी देवापुढे उभी. तिला हळद, तिला कुंकू, तिला फुलं. मी एकदा दारातून बघितलं होतं. आईनं वळलेली, मी डोक्यावरून आणलेली. ती आत गेली, आम्ही बाहेर.

बाप उष्ट्या पत्रावळ्या उचलायचा. पोरगा कोऱ्या मांडतो. पत्रावळ कोरी झाली, एवढंच आमचं पुढे सरकलं.

बापाचं आत कुणी नव्हतं. माझ्या पोराची सख्खी बहीण आत होती. भाची पाटावर होती. तरी तो तिकडंच.

न्हाव्यानं कात्री उचलली. म्हणाला, "मामांनी पहिली बट धरायची."

बंटीनं पोरीच्या केसांना हात लावला. मी उठून उभी राहिले आणि म्हटलं, "थांबा. पोरीचा मामा तिकडं पत्रावळ्या मांडतोय."

न्हाव्यानं कात्री खाली घेतली. माझ्याकडे बघितलं, विहिणीकडे बघितलं.

विहीण म्हणाली, "मावशी, तुमाला ऊन लागलं वाटतं. आत जाऊन पानी प्या."

"मी मावशी न्हाई," मी म्हटलं. पूनमकडे बोट केलं. "मी हिची आई. मेले न्हाई, समोर उभी हाय. कामवाली बी न्हाई. आमी देशमुख न्हाई, मांग हाव. माझी आई केरसुण्या वळायची, बाप हलगी वाजवायचा. ही पोर माझ्या लेकीची हाय, आन् तिचा मामा त्यो, टॉवेलवाला."

मागच्या शेडमध्ये प्रेस मशीन चालू होती, तिचा धप्प धप्प आवाज येत राहिला. एक म्हातारी कानाला हात लावून शेजारणीला म्हणाली, "मंग देशमुख कुटं गेले गं?" दोघीतिघी तोंडाला पदर लावून हसल्या.

विहिणीचा चेहरा लाल झाला. ती पूनमकडे वळली. "सूनबाई, सांग की समद्यास्नी. कोन हाय ही बाई?"

मला वाटलं, आता बोलेल. कंपनीत माणसांना माल परत करायला लावते ती. खराब पार्ट आहे म्हणून तोंडावर सांगते. मला वाटलं, बोलेल.

पूनम म्हणाली, "आई, घरी जा."

त्यातला पहिला शब्द सगळ्या मांडवानं ऐकला. पुढचे दोन मी ऐकले.

संतोषनं हातातली पत्रावळ्यांची चवड टेबलावर ठेवली, टॉवेल घडी करून त्यावर ठेवला आणि गाडी काढली. आम्ही फाटकाबाहेर पडलो तेव्हा पोरगी अजून रडत होती. नंतर कळलं, बंटीच्याच मांडीवर कापले केस. कार्य अडत नसतं कुणाचं.

घरी आल्यावर संतोष माझ्यावरच चिडला. "काय गरज व्हती आये? मी मांडल्या पत्रावळ्या, काय बिगडलं? हात झिजले का माझे?"

मी म्हटलं, "तुला कुनी सांगितलं मांडायला?"

"तिच्या दिरानं."

"आज दिरानं सांगितलं. ही पोरगी मोटी झाली म्हंजी ती सांगंल. मामा म्हनून न्हाई. तिला काय म्हाईत तू कोन? तिच्या फोटूत बंटी हाय."

संतोष रात्री जेवला नाही.

दुसऱ्या दिवसापासून पोरगी यायची बंद झाली. मला वाटलंच होतं. पण वाटणं वेगळं आणि सकाळी दार उघडून बसणं वेगळं. तिचं ताटलीएवढं ताट मांडणीवर पालथं पडून होतं. मी ते जागचं हलवलं नाही.

मग एक दिवस रोहित आला. पेढ्याचा पुडा घेऊन. वाईट मुलगा नाही तो. माझ्या पाया पडतो, मात्र दार लावून घेतल्यावर. खाली बसला आणि म्हणाला, "आई, मी घरात सगळ्यांना समजावलंय. तुम्ही फक्त एवढं म्हणा की त्या दिवशी तुमचं बीपी वाढलं होतं, त्या भरात बोललात. बाकी मी सांभाळतो. आर्वी उद्यापासून येईल."

मी म्हटलं, "जावईबापू, मला बीपी न्हाई. मशीन आना, तपासून बगा."

तो हसला. मग म्हणाला, "लहान आहे हो ती. तिला दोन्हीकडचा त्रास कशाला? मोठी झाली की कळेल तिचं तिला."

"कोन सांगनार?"

"सांगायचंच कशाला, आई? आता कोण मानतं जात?"

"मंग पाटावर कोन बसलं व्हतं?"

तो मोबाइल बघत बसला.

मी त्याला म्हटलं, तुमच्या घरात रोज सकाळी पोरीला उचलून फोटोंपुढं नेता. हे तुझे पणजोबा, जय कर. हे खापरपणजोबा, जय कर. हे कुस्ती खेळायचे, यांची शंभर माणसं पंगतीला असायची. पोरगी हात जोडते. जोडू दे. ते तिचे आहेतच. पण त्या शंभर माणसांच्या पत्रावळ्या कुणी उचलल्या, तेही तिचेच आहेत. तिच्या अंगात पंगतीला बसलेला आहे आणि चिंचेखाली बसलेलाही आहे. तुम्ही अर्ध्याला फोटो लावता आणि अर्ध्याला गाडीखाली घालता. असं माणूस अर्धं कापून वाढवता येत नाही. पुढे ती कुठंतरी कुणाला तरी पायरी दाखवेल. तिला कळणारही नाही की तिनं स्वतःच्या आजीला बसवलं.

रोहित पेढ्याचा पुडा ठेवून गेला. तो मी खालच्या वॉचमनच्या पोरांना दिला.

विहिणीनं पोर सांभाळायला एक बाई ठेवली. पोरगी तिच्याकडे जेवेना. मग पाळणाघर झालं, तिथं ताप घेऊन आली. हे मला खालच्या किराणावाल्याकडून कळत होतं. मी गेले नाही. जीव तुटत होता, तरी गेले नाही. गेले असते तर मावशी म्हणूनच गेले असते.

एका सकाळी दार वाजलं. पूनम. अंगावर कंपनीचा युनिफॉर्म, गळ्यात ओळखपत्र, कडेवर आर्वी. पोरीच्या डोक्यावर बारीक खुंट उगवले होते. मला बघून पोरगी माझ्याकडे झेप घ्यायला लागली.

पूनम म्हणाली, "घे. बस येईल माझी."

मी हात पुढे केले नाहीत. उंबऱ्यात उभी राहिले. शेजारणी गॅलरीत कपडे वाळत घालत होत्या, त्यांचे हात थांबले.

"आई, घेत नाहीस का तिला?"

"कोन म्हनून घेऊ?"

"आई, प्लीज. आता वाद नको. बस जाईल."

"जाऊ दे."

ती माझ्याकडे बघत राहिली. डोळे भरले तिचे. मला रडू आलं नाही, येऊ दिलं नाही. मी म्हटलं, "तुला कळत न्हाई असं न्हाई. तुला भ्या वाटतं. वाटू दे. मला बी वाटतंय, तू हिला घेऊन माघारी गेलीस तर मी काय करू. पर कामवाली म्हनून मी हिला हात लावनार न्हाई. पाळनाघरं लई हायत. आजी पायजे असंल तर आजी म्हन. हितं, समद्यांपुढं. आन् तिकडं बी, तुझ्या सासूपुढं."

आर्वी तिच्या कडेवरून वळवळत होती. पूनमनं तिला एकदा घट्ट धरलं. मग खाली सोडलं. शेजारणींकडे न बघता म्हणाली, "आजीकडे जा."

"अन् तिकडं?"

"तिकडं मी सांगितलंय काल. सासूबाईंना आणि सगळ्यांना. म्हणून तर आलेय. बोलत नाहीयेत माझ्याशी."

मग मी पोर उचलली. पूनमची बस गेली होती. ती रिक्षानं गेली.

सगळं नीट झालं असं काही झालेलं नाही. विहीण माझ्याशी बोलत नाही, सुनेशी कामापुरतं बोलते. भावकीतल्या काही घरांनी त्यांच्याकडे जेवण बंद केलंय. रोहित म्हणतो, तुमच्यामुळे. मी म्हणते, जेवण त्यांनी बंद केलंय, मी नाही.

आर्वीचे कान टोचायचे राहिलेत. त्यालाही मामाची मांडी लागते. विहिणीनं पूनमला आताच सांगून ठेवलंय की बंटीला बोलावलंय, माणसं मोजकीच असतील, तुझ्या आईनं यायचं कारण नाही. मला बोलावणं लागत नाही. दिवस कळला की संतोष सुट्टी टाकेल, पांढरा शर्ट घालेल आणि आम्ही दोघं जाऊ. कुणी पत्रावळ्या मांडायला सांगितल्या तर तो मांडणार नाही, त्यानंच मला तसं सांगितलंय. पाटावर दुसरा कुणी बसलेला असेल तर मी मांडवात उभी राहून परत सगळं सांगेन. फाटक लावून घेतलं तर रस्त्यावर उभी राहून सांगेन. जितक्यांदा खोटा मामा बसवतील तितक्यांदा सांगेन.

तोवर पोरगी माझ्याकडे आहे आणि तिला बोलता येतंय. रोज जेवायच्या आधी मी तिला विचारते, तुझा आजा कोण? ती म्हणते, पाटील. आजी कोण? ती म्हणते, मांग. मामा कोण? ती म्हणते, संतोष.

तिन्ही उत्तरं बरोबर आली की मगच घास भरवते.